जरा उशिरा फिरणारं चाक

काटकोनात वळणारा एक साधा रस्ता डोळ्यांसमोर आणा. रुंदी दहा मीटर, आतल्या कडेची त्रिज्या वीस मीटर. त्यावरून दोन मीटर रुंदीची मोटार न्यायची आहे. ती रस्त्याच्या बरोबर मधून, कडेला समांतर ठेवून वळवली, तर पंचवीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जाते. कोरड्या डांबरावर चांगला टायर गाडीच्या वजनाइतका आडवा जोर सोसतो असं धरू. मग या वर्तुळावर ताशी ५६ किलोमीटरच्या पुढे गाडी टिकत नाही, बाहेर फेकली जाते.

आता तीच गाडी, तेच टायर आणि तेच वळण. फक्त वळणाआधी गाडी बाहेरच्या कडेला न्यायची, मध्यावर आतल्या कडेला अगदी लगटून घ्यायची आणि निघताना पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत जाऊ द्यायची. असं केलं की गाडी ज्या वर्तुळावरून जाते त्याची त्रिज्या होते ४८ मीटर आणि वेग जातो ताशी ७८ किलोमीटरवर! इंजिनात काही बदललं नाही, रस्ता रुंद केला नाही, टायरही जुनेच. चालकाने फक्त रस्त्यातला रस्ता निवडला. हे गणित मी पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा कुठेतरी चूक झाली असं वाटून दोनदा पुन्हा केलं होतं.

शर्यतीच्या भाषेत या निवडलेल्या वाटेला ‘रेसिंग लाइन’ म्हणतात, आणि गाडी आतल्या कडेला जिथे सगळ्यात जवळ येते त्या बिंदूला ‘एपेक्स’. शर्यतीचे चालक हे अनुभवाने आधीपासून करत होतेच. पण पिएरो तारुफी नावाच्या इटालियन माणसाने ते कागदावर नीट मांडलं. तारुफी शिक्षणाने इंजिनियर. १९५७ साली इटलीतली मिल्ले मिलिया ही हजार मैलांची प्रसिद्ध शर्यत त्याने जिंकली आणि दोनच वर्षांनी मोटार शर्यतीच्या तंत्रावर त्याचं पुस्तक आलं, त्यात वर्तुळं, स्पर्शरेषा, आकडे. स्टेअरिंग धरलेल्या हातांनीच कंपासही धरला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच गणितात पुढे आणखी एक नवल आहे. वळण काटकोनाऐवजी सौम्य, म्हणजे पंचेचाळीस अंशांचं असेल, बाकी मापं तीच, तर योग्य वाटेने त्रिज्या पंचविसावरून थेट १२६ मीटरवर जाते. वळण जवळजवळ पुसलंच जातं. आणि वळण पूर्ण मागे फिरणारं असेल, १८० अंशांचं, तर? तर कितीही हुशारी करा, त्रिज्या २९ मीटरच्या वर जात नाही. मधून गेलात तर ताशी ५६, उत्तम वाटेने गेलात तर ताशी ६१. वळण जितकं सौम्य तितका वाटेचा लाभ मोठा, आणि जितकं तीव्र तितका तो आटत जातो. मला तर उलट वाटायचं, की अवघड वळणावरच कौशल्याचा फायदा जास्त असणार.

हे १८० अंशांचं वळण आम्हां सिंधुदुर्गवाल्यांच्या चांगल्याच परिचयाचं. समुद्र सोडून देशावर जायचं तर सह्याद्री चढावा लागतो, आणि चढायचा तर अशा वळणांनीच. मालवणहून कोल्हापूरला निघालात तर फोंडा घाट किंवा करूळ घाट, सावंतवाडीहून बेळगावला निघालात तर आंबोली. दाणोली मागे पडली की रस्ता झाडीत शिरतो, एका अंगाला जांभा आणि काळ्या पाषाणाची भिंत, दुसऱ्या अंगाला कठडा आणि त्यापलीकडे दरी.

लहानपणी आंबोलीला जाताना मला एस.टी.त ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली की स्वर्ग मिळाल्यासारखं व्हायचं. तिथून दिसणारी एक गोष्ट मात्र मला तेव्हा भीतीची वाटायची. समोर वळण आलेलं असायचं, रस्ता डावीकडे वळलेला दिसायचा, आणि ड्रायव्हर चाक फिरवायचाच नाही. गाडी सरळ कठड्याकडे चालली आहे, समोरच्या काचेत आता रस्ता नाही, नुसती दरी आणि धुकं, आणि तरी त्याचे हात स्थिर. मग अगदी शेवटी, माझा श्वास अडकल्यावर, तो मोठं चाक हातांवर हात टाकत भराभर फिरवायचा आणि अख्खी गाडी जागच्या जागी वळल्यासारखी वळायची.

त्याचं कारण मागच्या चाकांत आहे. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, ती आतून कट मारतात. पुढच्या आणि मागच्या आसांत साडेपाच मीटर अंतर असलेली गाडी पुढच्या चाकाने बारा मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढत असेल, तर मागचं चाक त्याच्या सुमारे १ मीटर ३० सेंटिमीटर आतून जातं. चाक लवकर फिरवलं, तर पुढचा भाग सुखरूप निघेल, पण मागचं चाक आतल्या गटारात किंवा डोंगराच्या कोपऱ्यावर जाईल. म्हणून एस.टी.चा ड्रायव्हर वाट पाहतो. गाडीचं तोंड वळणाच्या पार बाहेर जाऊ देतो आणि मग वळवतो. त्याची गाडी आतल्या कडेला सगळ्यात जवळ येते ती वळणाच्या मध्यावर नाही, मध्य ओलांडल्यावर.

शर्यतीचा चालकही नेमकं हेच करतो. त्याच्या भाषेत याला ‘लेट एपेक्स’ म्हणतात, उशिराचा एपेक्स. आणि त्याची मागची चाकं गटारात जाण्याची त्याला मुळीच धास्ती नसते. त्याचं कारण अगदी वेगळं.

शर्यत वळणावर जिंकली जाते असं आपल्याला वाटतं, कारण टायर तिथे किंचाळतात. पण सर्किटवर गाडीचा बराच वेळ वळणांमधल्या सरळ पट्ट्यांवर जातो, आणि त्या पट्ट्यावरचा वेग ठरतो आधीच्या वळणातून तुम्ही किती वेगाने बाहेर पडलात त्यावर. साधा हिशेब करू. एक गाडी ताशी ७२ किलोमीटरने वळणातून बाहेर पडली आणि पुढे दर सेकंदाला ‘सेकंदाला दोन मीटर’ या दराने वेग वाढवत गेली. पुढचा ३०० मीटरचा पट्टा संपवायला तिला बरोबर १० सेकंद लागतात, शेवटी तिचा वेग असतो ताशी १४४. दुसरी गाडी अगदी तशीच, पण वळणातून ताशी साडेतीन किलोमीटर जास्त घेऊन निघाली. तिला लागतात सुमारे ९.७५ सेकंद. पाव सेकंदाचा फरक, एका वळणाचा. सर्किटवर अशी दहा-बारा वळणं असतात आणि फेऱ्या कितीतरी. शर्यतीत पाव सेकंद म्हणजे पुढच्या गाडीचं शेपूट नुसतं बघत राहणं आणि तिच्या पुढे निघून जाणं यातला फरक.

म्हणून तो चालक वळणात शिरताना वेगाचा थोडा त्याग करतो. उशिरापर्यंत बाहेर राहतो, गाडी सावकाश पण ठामपणे वळवून घेतो आणि एपेक्सला पोहोचण्याआधीच तिचं तोंड पुढच्या सरळ रस्त्याकडे लावून ठेवतो. मग स्टेअरिंग सैल सोडत अॅक्सिलरेटर दाबता येतो. नवशिका नेमकं उलटं करतो. घाईने शिरतो, लवकर वळवतो, आतली कड लवकर गाठतो, आणि मग रस्ता संपत आला तरी त्याची गाडी बाहेरच ओढत राहते. त्याचा पाय ब्रेकवरून निघतच नाही. वळणाच्या तोंडाशी त्याला आपण फार जोरात आहोत असं वाटतं, आणि पट्ट्याच्या शेवटी मागची गाडी पुढे निघून गेलेली असते.

आता टायरकडे वळू, कारण हे सगळं ज्याच्या जिवावर चालतं ती जागा किती लहान आहे हे फारसं कुणी बघत नाही. मोटारीचा एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. असे चार तळहात, त्यावर टनभर वजनाची गाडी आणि आतली माणसं. त्यातही वळणावर टायर जिकडे तोंड करतो नेमका तिकडे जात नाही. रबर पिळवटतं आणि गाडी त्या दिशेपासून काही अंशांनी बाहेर सरकत जाते. या पिळातूनच पकड तयार होते. पीळ फार वाढला की पकड ढळते. चांगला चालक त्या काठावर गाडी तोलतो आणि हातांतून, कमरेतून त्याला ते कळतं.

या चार तळहातांची ताकद ठरलेली असते. ती ब्रेकला द्या, वळायला द्या, किंवा दोघांत वाटा. पण वाटणी सरळ बेरजेने होत नाही, पायथागोरसच्या प्रमेयाने होते! ताकदीचा ६० टक्के भाग ब्रेकने घेतला तर वळायला चाळीस नव्हे, ऐंशी टक्के उरतो. शाळेत काढलेला तीन-चार-पाचचा काटकोन त्रिकोण इथे रबरात भेटतो. म्हणून तरबेज चालक ब्रेक एकदम सोडत नाही. सरळ रस्त्यावर पूर्ण ब्रेक, मग जसजसं स्टेअरिंग फिरत जाईल तसतसा ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलत जातो, हात आणि पाय एकाच वर्तुळाच्या परिघावरून चालल्यासारखे. ब्रेकवर थोडा पाय असला की गाडीचा भार पुढे येतो, पुढचे टायर रस्त्यात रुततात आणि गाडी आज्ञाधारकपणे तोंड वळवते. याच वेळी पाय झटकन उचलला तर भार मागे जातो, पुढची पकड सुटते आणि गाडी वळायला नकार देते. आणि शंभर टक्के ब्रेक दाबलेला असेल, तर वळायला शून्य उरतं. घाबरून चाकं जाम होईपर्यंत ब्रेक दाबून ठेवणारा माणूस कितीही स्टेअरिंग फिरवो, गाडी सरळच जाते. घाटातल्या कितीतरी अपघातांचं मूळ या शून्यात असावं असं मला वाटतं.

हे शिकायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. घाट चढून गेलं की कोल्हापूर, आणि तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. कोल्हापूरचाच ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यतींत धावला, कृष्णराज महाडिक तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. कुस्तीच्या आखाड्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव शर्यतीचे चालकही घडवतं, याचा शेजारी म्हणून मला अभिमान आहे.

कार्ट हे खेळणं समजू नका. मोटारीची मागची दोन चाकं वळताना वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात, कारण मध्ये डिफरन्शियल असतो. कार्टला तो नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, म्हणजे एकाच गतीने फिरणारी. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं आणि आतल्याला कमी, मग कार्ट वळणार कशी? तर वळताना तिचं आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जातं! पुढच्या चाकांची ठेवणच अशी तिरकी असते की स्टेअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि त्याच बाजूचं मागचं चाक वर येतं. तीन चाकांवर वळायचं आणि सरळ होताना चौथं टेकवायचं. मूल कार्टवर जे शिकतं ते हेच, की गाडीचा भार कुठून कुठे गेला हे पाठीच्या कण्याने ओळखावं.

पावसात मात्र हे सगळं उलटंपालटं होतं. सर्किटवर ज्या वाटेने सगळ्या गाड्या जातात तिथे टायरचं रबर घासून घासून बसतं, कोरड्यात ती वाट चिकट होते. पाऊस पडला की तीच वाट तेल सांडल्यासारखी गुळगुळीत. मग जाणते चालक ओळखीची वाट सोडतात आणि कुणी न तुडवलेल्या खरखरीत डांबरावरून, बाहेर-बाहेरून वळतात. आंबोलीत वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथला रस्ता जूनपासून गुळगुळीत वाटांचा धडाच गिरवून घेतो, त्यात शेवाळ, दरडीची माती आणि ट्रकमधून सांडलेलं डिझेल.

घाटरस्ता बांधणाऱ्यांना हे ठाऊक असतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार घाटातल्या अशा उलट फिरणाऱ्या वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या निदान १४ मीटर असावी, रस्त्याला आतल्या बाजूला जास्तीत जास्त दहाला एक असा उतार द्यावा, आणि रचनेसाठी किमान वेग धरावा ताशी २० किलोमीटर. या आकड्यांत फार मोठं शहाणपण आहे. ताशी २० ने १४ मीटरच्या वर्तुळावर गेलं की आडवा जोर वजनाच्या साधारण २२ टक्के होतो. त्यातला दहा टक्क्यांचा भार रस्त्याचा उतारच उचलतो. टायरवर उरतात बारा-तेरा टक्के, ओल्या, चिखलाच्या रस्त्यावरही सहज मिळतील इतके. आता वेग दुप्पट करा, ताशी ४०. ऐकायला हा काही वेग नाही, गावातल्या रस्त्यावर स्कूटर एवढ्या वेगाने जाते. पण वेग दुप्पट झाला की आडवा जोर चौपट होतो. नव्वद टक्के. उताराचे दहा वजा केले तरी टायरकडे ऐंशी टक्के मागितले जातात, आणि ओल्या घाटात ते त्याच्याकडे नसतात.

वेग उतरवायला लावण्याची वळणाची ही ताकद आपल्या पूर्वजांनी फार आधी ओळखली होती. मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघा. १६६४ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झालेला हा किल्ला, आणि त्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तट सलग वाटतो. दरवाजा तटाच्या कुशीत वळवून लपवलेला, आत शिरायचं तर नागमोडी जावं लागतं. याला गोमुखी बांधणी म्हणतात. सरळ धाव घेऊन दरवाजावर आदळायला शत्रूला जागाच मिळत नाही, वळताना त्याचा जोर मोडतो आणि वळणापलीकडे काय आहे हे त्याला दिसत नाही. वळणाच्या दोन्ही शक्ती, वेग तोडण्याची आणि नजर अडवण्याची, तिथे दगडात बांधल्या आहेत.

नजर अडवण्याची शक्ती जास्त घातक, आणि तिच्यावर एक सुंदर तोड आहे. ब्रिटनमधल्या पोलिसांच्या वाहनचालनाच्या पुस्तकात ती शिकवतात. वळणात शिरताना रस्त्याची डावी कड आणि उजवी कड दूरवर जिथे एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर डोळा ठेवायचा. तो बिंदू तुमच्याकडे धावून येत असेल तर वळण आवळत चाललं आहे, वेग उतरवा. तुमच्या गतीनेच पुढे सरकत असेल तर आहे तो वेग बरोबर. आणि तो पळून जायला लागला की वळण उलगडतंय, आता गियर चढवायला हरकत नाही. आंबोलीत हे करून पाहा, शेजारच्या सीटवर बसूनही करता येतं. रस्ता स्वतःहून पुढचं सांगायला लागतो.

आणि आता परत त्या एस.टी.कडे. वळणाआधी गाडी उशिरापर्यंत बाहेर ठेवली की हा बिंदू दूर जातो, वळणापलीकडचं जास्त दिसतं. म्हणजे उशिरा फिरणाऱ्या चाकाचं आणखी एक कारण मिळालं. शर्यतीचा चालक पुढच्या पट्ट्यावरच्या वेगासाठी थांबतो, एस.टी.चा ड्रायव्हर मागच्या चाकासाठी आणि समोरून कोण येतंय ते दिसावं म्हणून. दोघांची भेट कधी होणार नाही, पण दोघांच्या चाकांची वाट एकाच आकाराची असते. माझ्या लहानपणीच्या त्या भीतीच्या जागी आता नुसता आदर आहे.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट सांगायला हवी. सर्किटवर समोरून कुणी येत नाही, म्हणून तिथे पूर्ण रुंदी चालकाची असते. घाटात आपली फक्त आपली लेन. मोटारीला तिच्यातून फार तर दीड मीटर इकडे-तिकडे सरकता येतं. डाव्या वळणाला मधल्या पट्ट्याच्या अलीकडे राहायचं, उजव्या वळणाला डाव्या कडेला, तेही पुढचं दिसावं म्हणून. पांढरा पट्टा ओलांडून वळण सरळ करणारे दुचाकीस्वार मी आंबोलीत दर पावसाळ्यात बघतो आणि पोटात खड्डा पडतो. मुलांनो, वेगाची हौस खरी असेल तर घाट चढून कोल्हापूरला जा, हेल्मेट घाला, कार्टमध्ये बसा आणि तीन चाकांवर वळायला शिका. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, तेवढी द्या.

आणि पुढच्या वेळी सावंतवाडीच्या स्टँडवरून बेळगावची एस.टी. पकडाल तेव्हा ड्रायव्हरच्या मागची खिडकी मिळवा. दाणोली गेली की मोबाइल खिशात ठेवा. पहिलं मोठं वळण दिसल्यापासून त्याचे हात हलेपर्यंत मनात आकडे मोजा.